हवेतून वरणात

पावसाळ्यात अकोल्याच्या काळ्या रानातलं तुरीचं एखादं झाड मुळासकट उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. नखानं एक फोडली तर आत गुलाबी निघते. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा!

या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना असे घट्ट धरून बसतात की झाडाला त्याचा काही उपयोग नाही. ती पकड सोडवायला खत कारखान्याला ४०० अंशांच्या आसपास तापमान आणि प्रचंड दाब लागतो. अकोल्याचा मे महिना कितीही बदनाम असला तरी एवढा तापत नाही. जिवाणू तेच काम ओल्या मातीत उरकतात. झाड त्यांना साखर पुरवतं आणि मिळालेल्या नायट्रोजनपासून दाण्यातली प्रथिनं घडवतं. १०० ग्रॅम तूरडाळीत ती सुमारे २२ ग्रॅम.

मला याहून नवल वाटतं ते ज्वारी-तुरीच्या जोडीचं. ज्वारीत १०० ग्रॅममागे १० ग्रॅम प्रथिनं, पण त्यांतलं लायसिन हे अमिनो आम्ल तुटपुंजं. तुरीत ते भरपूर. तिला कमी पडणारं मेथिओनिन ज्वारी भरून काढते. लायसिन सापडलं १८८९ मध्ये, युरोपात. ज्वारीत तुरीचं तास आणि ताटात भाकरीशेजारी वरण, हे वऱ्हाडात त्याच्या कितीतरी आधीपासून!

मग रोज प्रथिनं किती खावीत? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, भिस्त मुख्यतः धान्यावर असेल तर १ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ते ६०. ज्वारीच्या २०० ग्रॅम पिठातून २०, ७५ ग्रॅम डाळीतून १६, मूठभर शेंगदाण्यांतून ७, पेलाभर दुधातून ६. झाले जवळपास ५०. गोची डाळीत आहे. पातळ वरणाच्या वाटीत २० ग्रॅम डाळ असली तर प्रथिनं जेमतेम साडेचार ग्रॅम. म्हणून झुणका, डाळभाजी, गोळाकढी हवीच.

हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून अमरावतीत आहे. तिथल्या पोरांना कसरतीचं वेड नवं नाही. कसून व्यायाम करणाऱ्याला प्रथिनं जास्त लागतात, हे खरं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आकडा डॉक्टरांनाच विचारावा. पण जास्तीची अमिनो आम्लं शरीर साठवून ठेवत नाही. यकृत त्यांतला नायट्रोजन काढून त्याचा युरिया बनवतं आणि तो लघवीवाटे जातो. कृषी केंद्रात गोणीनं मिळतो तोच युरिया; प्रथिनांची डबाभर पावडर रिचवणाऱ्याला तो फार महाग पडतो, इतकंच.