बालगृहातील मुलांचा कैवारी

आईवडिलांच्या घरात वाढणाऱ्या मुलाचे गाऱ्हाणे ऐकावयास कोणी ना कोणी असतेच. शाळेत अन्याय झाला तर आई शाळेत जाते. वडिलांचा धाक जाचक झाला तर आजी मध्ये पडते. बालगृहात वाढणाऱ्या मुलाला असे दुसरे दार नसते. त्याला जेवू घालणारी, शिक्षा करणारी आणि त्याची तक्रार ऐकणारी संस्था एकच असते. जिच्याविरुद्ध गाऱ्हाणे, तिच्याचकडे न्याय मागावयाचा! मुलांसाठी स्वतंत्र कैवारी असावा, हा विचार या विसंगतीतून पुढे आला.

हा कैवारी संस्थेचा नोकर नसतो, तसाच निर्णय देणारा अधिकारीही नसतो. मुलाचे हित कशात आहे हे ठरविणे अधीक्षकांचे व समितीचे काम. मुलाला त्याचे हक्क सोप्या भाषेत समजावून सांगणे आणि त्याचे म्हणणे निर्णय घेणाऱ्यांपुढे शक्यतो त्याच्याच शब्दांत मांडणे, एवढेच कैवाऱ्याचे काम. समजा, बालगृहातील दोन भावांपैकी थोरल्याला वयोमानाप्रमाणे दुसऱ्या गावच्या संस्थेत पाठवावयाचे ठरले आणि धाकट्याला ताटातूट नको आहे. कैवाऱ्याला स्वतःला हे स्थलांतर योग्य वाटले तरी तो धाकट्याचेच म्हणणे मांडील. निर्णय कदाचित बदलणार नाही. पण तो का बदलला नाही, हे त्या मुलाला सांगावे लागेल. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तो गुप्त राखतो. एखाद्या मुलाला गंभीर इजा होण्याचा धोका असेल, तरच ती योग्य ठिकाणी कळवितो.

ब्रिटनला या व्यवस्थेची गरज फार मोठी किंमत देऊन पटली. उत्तर वेल्समधील बालगृहांत १९७४पासून झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी १९९६ साली सर रोनाल्ड वॉटरहाऊस यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांनी तोंड उघडलेच नव्हते असे नाही. ज्यांनी उघडले त्यांच्यावर अनेकदा विश्वास ठेवला गेला नाही. अहवालाच्या शिफारशीनुसार २००१ साली वेल्समध्ये स्वतंत्र बाल आयुक्त नेमण्यात आला. पुढे २००२च्या कायद्याने, तक्रार करू इच्छिणाऱ्या मुलांना कैवारी मिळवून देणे इंग्लंड व वेल्समधील स्थानिक प्रशासनांवर बंधनकारक झाले.

हे दूरदेशीचे प्रकरण म्हणून आपण गोमंतकीयांनी निश्चिंत राहावे, अशी परिस्थिती नाही. मडगावात निराश्रित मुलांसाठी आश्रम चालविणारा आणि समाजसेवक म्हणून वावरणारा फ्रेडी पीट्स याला १९९१ साली अटक झाली. आश्रयाला आलेल्या मुलांवरील लैंगिक अत्याचारांबद्दल १९९६ साली त्याला जन्मठेपेची शिक्षा झाली. ज्या छताखाली मुले आश्रयाला आली, तेथील कर्ताच अपराधी निघाला, तर मुलांनी जावे कोणाकडे? पुढे गोव्याने २००३ साली स्वतंत्र बाल कायदा केला आणि त्यात मुलांसाठी वेगळ्या न्यायालयाची तरतूद केली.

१९८९च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने, स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलाचा हक्क मान्य केला. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली. २०१५च्या बालन्याय कायद्यातही हे तत्त्व आले आहे. या कायद्याप्रमाणे बालकल्याण समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. तपासणी समितीने प्रत्येक बालगृहाला तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यावी, असा दंडक आहे. मुलांच्या समित्या व सूचनापेटी यांचीही तरतूद नियमांत आहे. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात मुलाला साहाय्यक व्यक्ती देता येते.

या तरतुदींचे मोल मोठे आहे. परंतु समिती निर्णय देते, तपासनीस तीन महिन्यांनी येऊन जातो आणि साहाय्यक व्यक्ती येते ती गुन्हा घडून गेल्यावर. सूचनापेटीत चिठ्ठी टाकावयाची तर लिहिता यावे लागते, आणि कोणी पाहील ही भीतीही असते. एरवीच्या दिवसांत केवळ मुलाच्या बाजूने उभा राहणारा, त्याच्या ओळखीचा माणूस मात्र या रचनेत प्रत्येक मुलाच्या वाट्याला येत नाही. आपल्या व्यवस्थेतील उणीव ती हीच.

बालगृहाला सणासुदीला मिठाई, वह्या, कपडे देण्याची रीत आपल्याकडे आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु देणगीदार मुलांना वर्षातून एकदा भेटतो, तोही अधीक्षकांच्या समक्ष. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्यापैकी काहींनी बालकल्याण समितीच्या परवानगीने, योग्य प्रशिक्षण घेऊन, महिन्यातून ठरलेल्या दिवशी एकाच बालगृहात वर्षानुवर्षे जाण्याचे व्रत घ्यावे. असा माणूस संस्थेचा शत्रू नव्हे. प्रामाणिकपणे चालणाऱ्या संस्थेला तो हवाच असतो. मूल पहिल्या भेटीत बोलत नाही, कदाचित दहाव्या भेटीतही बोलणार नाही. ज्या दिवशी ते बोलेल, त्या दिवशी ऐकावयास आपण तेथे असले पाहिजे.