तेवीस जूनचा चार

पासपोर्ट घरी आला त्या दुपारी माझी भाची नाचेल असं आम्हाला वाटलं होतं. तिने पाकीट फोडलं, पानं उलटली आणि तिचा चेहराच पडला. "मावशी, कोर्स दोन वर्षांचा आहे गं. आणि यांनी सहाच महिन्यांचा व्हिसा दिलाय!" कर्ज मंजूर झालं होतं, जर्मनीचं तिकीट काढून झालं होतं, बॅगेत मेतकूट आणि भाजणीही जाऊन बसली होती. मी चष्मा पुसला, आजोबांचं जुनं भिंग शोधून काढलं आणि आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर त्या स्टिकरवर ओणव्या झालो. पोस्टकार्डापेक्षाही लहान तुकडा, पण त्याच्यावरून उठायला आम्हाला संध्याकाळ झाली.

तिच्या रडण्याचं उत्तर पहिल्याच ओळीत होतं. 'यासाठी वैध' या शब्दांपुढे 'डॉइचलांड', म्हणजे जर्मनी, असं लिहिलेलं, आणि प्रकाराच्या रकान्यात एकच अक्षर: डी. थोड्या दिवसांसाठी फिरायला जाणाऱ्याच्या व्हिशावर सी असतं आणि देशाच्या जागी बहुधा 'शेंगेन राष्ट्रे', म्हणजे एकच व्हिसा चालणारा युरोपातल्या देशांचा गट. डी म्हणजे त्या एका देशाने, आपल्या स्वतःच्या कायद्याखाली, लांबच्या मुक्कामासाठी दिलेला व्हिसा. पण हा व्हिसा म्हणजे राहण्याची पूर्ण परवानगी नव्हे. उंबरठा ओलांडायचा, घर शोधायचं, तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जायचं आणि राहण्याचा खरा परवाना तिथून घ्यायचा, एवढ्यासाठी दिलेली ती मुदत आहे. नवी सून माप ओलांडून आत येते, तेव्हा ती घरात आलेली असते, पण रुळायची बाकी असते. हे सहा महिने रुळण्याचे.

'व्हिसा' हा शब्द लॅटिनमधल्या 'कार्टा वीसा'वरून आलाय, म्हणजे 'पाहिलेला कागद'. कुणीतरी अधिकाऱ्याने कागद पाहिला आणि तशी नोंद केली, एवढाच त्याचा मूळ अर्थ. ज्या धातूपासून हे 'पाहणं' आलं तो आणि आपला संस्कृत 'विद्' एकाच प्राचीन मुळाचे. वेद, विद्या आणि व्हिसा सख्खी नाही तरी चुलत भावंडं. विद्येसाठी निघालेल्या मुलीच्या पासपोर्टात ती शेजारी शेजारी बसलेली पाहून मला फार बरं वाटलं.

आणि पाहणारे तरी किती! सीमेवरच्या अधिकाऱ्याचा डोळा फोटो, तारखा आणि शेरे पाहतो. स्टिकर थोडा तिरपा धरला की त्यावरची चकाकती खूण रूप बदलते. झेरॉक्सला ते जमत नाही. आणि तळाशी, आपण ज्यांच्याकडे कधी लक्षच देत नाही अशा दोन ओळी असतात, यंत्राच्या डोळ्यासाठी.

खरं नवल त्या दोन ओळींत आहे. प्रत्येक ओळीत बरोबर ३६ जागा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. अक्षरं संपली की उरलेल्या जागा < या कोनाच्या चिन्हाने भरायच्या. पहिलं अक्षर व्ही, व्हिशाचं. तिसऱ्या जागेपासून देशाचा तीन अक्षरी संकेत. आपला आयएनडी, फ्रान्सचा एफआरए, पण जर्मनीचा मात्र नुसता डी, आणि पुढच्या दोन जागा कोनांनी भरलेल्या. त्यानंतर आडनाव, दोन कोन, मग नाव. मॉन्ट्रियलमध्ये मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८० मध्ये ९३०३ क्रमांकाचा दस्तऐवज काढला, तेव्हापासून जगभरचे देश याच वळणाने लिहितात. ज्यांचं एकमेकांशी पटत नाही असे देशसुद्धा या दोन ओळी एकाच व्याकरणाने लिहितात आणि वाचतात.

ही अक्षरं घडवली आद्रियान फ्रुटिगर या स्विस अक्षरकाराने, १९६८ मध्ये. त्याआधी यंत्रासाठी जी अक्षरं होती ती माणसाच्या डोळ्याला खुपायची. फ्रुटिगरने यंत्राला चूक होणार नाही आणि माणसालाही वाचताना त्रास होणार नाही अशी वळणं शोधली. शून्य आणि इंग्रजी ओ यांतला फरक पाहायचा असेल तर आपलाच पासपोर्ट काढून बघा. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर प्रवाशांना वाट दाखवणाऱ्या पाट्यांची अक्षरंही याच माणसाची.

भिंग दुसऱ्या ओळीवर नेलं तर तिची जन्मतारीख दिसली. २३ जून २००१ ही तारीख तिथे उलट्या क्रमाने लिहिली होती: ०१०६२३. पण तिच्या मागे एक आगंतुक ४ उभा होता. "हा चार कुठला?" भाचीने विचारलं.

तो चार राखणदार आहे. जन्मतारखेचे आकडे घ्यायचे आणि त्यांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचं. शून्य साती शून्य, एक त्रिक तीन, शून्य, सहा साती बेचाळीस, दोन त्रिक सहा, तीन एके तीन. बेरीज ५४. शेवटचा आकडा ४, तोच राखणदार. आता कुणी घाईत २३ च्या जागी ३२ टाइप केलं, तर बेरीज ५६ होते, राखणदार ६ यायला हवा, पण ओळीत ४ आहे. यंत्राला तिथेच चूक कळते. एखादा आकडा चुकला तर ही युक्ती तो हमखास पकडते, कारण ७, ३ आणि १ यांचा १० शी एक सोडून कुठलाच समाईक भाजक नाही. पासपोर्टच्या नंबरात अक्षर असेल तर ए ला १०, बी ला ११, असं झेडला ३५ पर्यंत मोजायचं, कोनाला शून्य. शाळेतले पाढे इथे कामाला येतात हे पाहून मी खरंच थक्क झाले. आम्ही मग घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखांचे राखणदार काढले. तुम्हीही काढा, वेळ लागत नाही.

नावाच्या ओळीत मराठी माणसाची एक वेगळीच गंमत घडते. आपल्याकडे नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावायची रीत, आणि पासपोर्टात ते 'दिलेल्या नावा'च्या रकान्यात जातं. यंत्राच्या ओळीत मुलीचं नाव, एक कोन, मग वडिलांचं नाव. जर्मन कार्यालयांना ही रीत ठाऊक नसते. त्यांच्या लेखी ती दोन्ही तिचीच नावं. भाचीला बँकेची पत्रं वडिलांच्या नावासकट येतात. आधी तिला संकोच वाटायचा. आता म्हणते, पत्र उघडताना रोज बाबा भेटतात.

तारखांचा रकाना नीट वाचायला शिकावा तो लेकीला भेटायला जाणाऱ्या आईवडिलांनी. सी प्रकारात 'पासून' आणि 'पर्यंत' यांच्यामध्ये समजा ४५ दिवस दिसतात, आणि मुक्कामाच्या रकान्यात मात्र ३०. हे वरचे १५ दिवस निघायची तारीख मागेपुढे झाली तर सोय म्हणून दिलेले असतात. राहायचे दिवस तीसच. आणि ते मोजताना पोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही धरायचे. हे न कळल्यामुळे विमानतळावर रडकुंडीला आलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून जीव तोडून सांगते.

भाची तिकडे पोचली. घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, आणि पत्रपेटीवर आपलं नाव चिकटवायचं, नाहीतर टपाल येत नाही. हे सगळं झालं. पण परवान्याच्या कार्यालयाची तारीख काही मिळेना. तिने मुदतीच्या आत अर्ज केला होता, तरी सहा महिने सरत आले आणि आमचा जीव टांगणीला लागला. तेव्हा तिच्या हातात एक कागद पडला, त्याचं नाव फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. यातलं 'फिक्त्सिओन' म्हणजे कल्पित. कल्पिताचा दाखला! मला आधी हा अनुवादाचा घोळ वाटला.

घोळ नव्हता. जर्मनीच्या निवास कायद्याचं ८१ वं कलम म्हणतं की मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच आहे असं मानायचं. कागदावरची तारीख संपली तरी कायदा म्हणतो, समजा संपलीच नाही. आपल्याला हे अगदीच परकं नाही. बिल्डर जमीन सोसायटीच्या नावे करून देत नाही, तेव्हा सोसायट्या 'मानीव अभिहस्तांतरण' मागतात. तोच 'मानीव'. कार्यालयाच्या दिरंगाईची शिक्षा माणसाला होऊ नये म्हणून कायद्याने कल्पनेचा आधार घ्यावा, हे मला कायद्याचं सगळ्यात माणुसकीचं रूप वाटतं. फक्त त्या कागदावर कुठल्या चौकोनात खूण केली आहे ते पाहावं. कलमातल्या चौथ्या पोटकलमापुढे असेल तर देशाबाहेर जाऊन परत येता येतं. तिसऱ्यापुढे असेल तर तेवढ्या कागदावर परत येता येत नाही. भाचीच्या कागदावर चौथं होतं. दिवाळीला ती घरी आली.

जानेवारीत तिचं कार्ड आलं. २०११ च्या १ सप्टेंबरपर्यंत तिथे राहण्याचा परवानाही पासपोर्टातला स्टिकरच असायचा. तेव्हापासून तो बँकेच्या कार्डाएवढा झाला. बर्लिनच्या सरकारी छापखान्यात तयार होतो, आत चिप असते, चिपमध्ये फोटो आणि दोन बोटांचे ठसे. जोडीला घडीचा एक कागद येतो, त्यावर अटी असतात. तिच्या कागदावर लिहिलं होतं की वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येईल. अर्धा दिवससुद्धा मोजणारं सरकार!

रात्री तिचा व्हिडिओ कॉल आला. कार्ड तिने कॅमेऱ्यापुढे धरलं, पण उजेडात चकाकल्यामुळे मला काहीच दिसेना. "मागची बाजू वाच," मी म्हटलं. इथे दोनाऐवजी तीन ओळी होत्या, प्रत्येकीत ३० जागा. नंबर नवा, मुदत नवी, देशाचा संकेत डी. ती एकेक अक्षर वाचत दुसऱ्या ओळीशी आली.

"शून्य, एक, शून्य, सहा, दोन, तीन," ती म्हणाली आणि थांबली. "मावशी, पुढे आपला चार आहे."