शिरोरेखा आणि आधुनिक मांडणी

सन १९२५ मध्ये जर्मनीतील बाउहाउस संस्थेत हर्बर्ट बायर याने मोठ्या रोमन वर्णांचा त्याग करून केवळ लहान वर्णांचा पुरस्कार केला. १९२८ मध्ये यान चिखोल्ड याने असममित मांडणीची तत्त्वे ग्रंथबद्ध केली. ही तत्त्वे मराठी मुखपृष्ठांवर जशीच्या तशी उतरणे शक्य नव्हते. त्याचे पहिले कारण लिपीतच आहे. देवनागरीत लहान-मोठ्या वर्णांचा भेद नाही; अक्षरे विरळ केली तर शिरोरेखा तुटते व शब्दाची एकसंधता नष्ट होते.

दुसरे कारण मुद्रणाचे. खिळेछपाईत प्रत्येक रंगास स्वतंत्र ब्लॉक लागे. छायाछटांच्या ब्लॉकला गुळगुळीत कागदही हवा असे. दीनानाथ दलाल यांच्या 'दीपावली'ने १९४५ पासून हा खर्च पत्करून बहुरंगी चित्रवैभवाचा मार्ग अनुसरला. याउलट अरुण कोलटकर, दिलीप चित्रे व रमेश समर्थ यांनी १९५४ मध्ये काढलेले 'शब्द' हे अनियतकालिक चक्रमुद्रित होते. चक्रमुद्रणात छटा साधत नाही. रेषा, अक्षर आणि कोरी जागा एवढेच हाती उरते. र. कृ. जोशी यांनी तर अक्षरालाच चित्राचे स्थान दिले. पुढे संगणकासाठी 'मंगल' ही देवनागरी अक्षरमालाही त्यांनीच घडविली.

सारांश, पाश्चात्त्य नमुन्याशी साम्य ही मराठी आधुनिकतेची कसोटी नव्हे. म्हणून अभ्यासकाने मुखपृष्ठाचे रंग, कागद व मुद्रणपद्धती प्रथम तपासावी. प्रभावांची चर्चा त्यानंतरच करणे युक्त होय.