वाट कोणाची, तिकीट कशाचे?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

रस्त्याने जायला पैसे पडत नाहीत, ही आपल्या खेड्यातील माणसाची पक्की समजूत आहे. देवळात दर्शनाला गेलो तर दक्षिणा आपल्या खुशीची. गायरानातून, पांदीतून, कालव्याच्या भरावावरून सायकल काढली तर 'पावती फाड' म्हणणारा तेथे कोणी उभा नसतो. परंतु जगात ठिकठिकाणी आज एक निराळाच प्रश्न उभा राहिला आहे. सरकारी वनातील किंवा सार्वजनिक उद्यानातील वाटेवर सायकल चालवायची असेल, तर प्रवेशशुल्क घ्यावे की घेऊ नये? प्रथमदर्शनी हा प्रश्न हौशी आणि खाऊनपिऊन सुखी लोकांचा वाटतो. अंकुशनगरच्या उसाच्या फडात त्याचे काय काम, असेही कोणी म्हणेल. तथापि थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, प्रश्न सायकलीपुरता नाही. जे सर्वांच्या मालकीचे आहे, ते वापरण्यासाठी खिशात किती पैसे असावेत, असा तो प्रश्न आहे.

प्रथम या सायकलीविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपण जिला साधी सायकल म्हणतो, ती सपाट रस्त्यासाठी केलेली असते. डोंगरी सायकल, म्हणजे माउंटन बाईक, हिचे टायर रुंद व खाचदार असतात, गिअर पुष्कळ असतात आणि पुढच्या चाकावर बहुधा धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा असतात. हिचा जन्म एखाद्या कारखान्यात झालेला नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मारिन परगण्यातील डोंगरांवर काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन धूळवाटांवरून खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तेथे पहिली शर्यत लावली. त्या सायकलींना पायडल उलटे दाबून लागणारा ब्रेक असे. उतारावर तो इतका तापे की, मागच्या चाकाच्या तुंब्यातील ग्रीस जळून जाई आणि दर खेपेनंतर ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रिपॅक' पडले. पुढे १९८१ पासून अशा सायकली कारखान्यांतून मोठ्या संख्येने निघू लागल्या आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. जुन्या सायकलींवर सुरू झालेला हा खेळ वीस वर्षांत ऑलिंपिकपर्यंत पोहोचला.

सायकली वाढल्या तशा तक्रारीही वाढल्या. पायी चालणारे आणि घोडेस्वार म्हणू लागले की, वळणावर अचानक सायकल अंगावर येते. वनाधिकारी म्हणू लागले की, वाटा खचतात. अमेरिकेच्या वनखात्याने १९८४ साली संरक्षित रानवट प्रदेशांत सायकलीला बंदीच घातली. यातील वाट खचण्याचा मुद्दा शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगण्याची गरज नाही. उतारावर चाकाची एक चाकोरी पडली की पावसाचे पाणी तिच्यातून धावते, माती नेते, आणि दोनतीन पावसाळ्यांत चाकोरीची घळ होते. म्हणून शेतात आपण उताराला आडवे बांध घालतो. डोंगरातील वाटेचेही तसेच आहे. ती सरळ उताराने न नेता आडवी वळवत न्यावी लागते, तिला बाहेरच्या बाजूस किंचित ढाळ द्यावा लागतो, जागोजागी पाणी काढून द्यावे लागते, आणि ओल्या मातीत तिच्यावर सायकल घालू नये. आपल्या काळ्या रानात तर पाऊस पडल्यावर सायकल माणसाला नेत नाही, माणसालाच सायकल खांद्यावर न्यावी लागते!

तेव्हा वाट राखायला खर्च येतो, हे मान्यच केले पाहिजे. तो कोणी द्यावा, एवढाच वाद आहे.

आपल्या देशात अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात वाटेल त्याने वाटेल तेव्हा शिरता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या कलम २७ व २८ प्रमाणे प्रवेशाला परवानगी लागते आणि ती अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा ठराविक कारणांसाठी, ठरवून दिलेले शुल्क घेऊन मिळते. महाराष्ट्रात सायकल आणि प्रवेशशुल्क यांची गाठ सर्वांत ठळकपणे पडते, ती मुंबईतील बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे वन महानगराच्या कुशीत आहे. तुळशी व विहार हे मुंबईला पाणी देणारे तलाव त्यातच आहेत आणि बिबट्याही तेथे नांदतो. दारावर माणशी तिकीट घ्यावे लागते. आत भाड्याने सायकल मिळते, तिचे भाडे निराळे. डांबरी रस्त्याने सहा-सात किलोमीटर जाऊन कान्हेरीची लेणी गाठली, तर तेथे पुरातत्त्व खात्याचे तिकीट पुन्हा निराळे. जंगलातील आडवाटांवर मात्र परवानगीवाचून जाता येत नाही. म्हणजे एका सकाळच्या फेरीत वन, वाहन आणि वारसा या तिन्हींचे पैसे वेगवेगळे मोजावे लागतात.

आता शुल्क घेण्यामागील कारणे तपासू. अर्थशास्त्राच्या तासाला आपण 'सार्वजनिक वस्तू' शिकतो. एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही, अशी ती वस्तू. पहाटेच्या मोकळ्या वाटेवर चार सायकली गेल्या तर कोणाचेच काही कमी होत नाही. पण रविवारी चारशे गेल्या तर होते. तेव्हा शुल्काची दोन कारणे सरळ पटतात. एक, झीज भरून काढण्यासाठी. दोन, गर्दी आवरण्यासाठी. तिसरे कारण मात्र सहसा मोठ्याने सांगितले जात नाही. ते म्हणजे तिजोरीत भर. पहिल्या दोन कारणांसाठी घेतलेला पैसा वाटेवर परत दिसतो, तिसऱ्यासाठी घेतलेला दिसत नाही.

सायकलवाल्याकडून पैसे घेणे आपल्याला नवीन नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने सायकलींवर कर बसविण्याचा अधिकार ग्रामपंचायतींना दिला. नगरपालिकाही असा कर घेत असत आणि तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी त्या बिल्ल्याची आठवण अजून सांगतात. बाजाराच्या दिवशी बिल्ला तपासणारा शिपाई दिसला की बिनबिल्ल्याचे सायकलस्वार गल्लीबोळातून पसार होत. त्या कराच्या बदल्यात गावचा रस्ता किती सुधारला, हे मात्र त्यांच्यापैकी कोणाला आठवत नाही.

परदेशात याची उत्तरे निरनिराळी निघाली आहेत. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, बहुतेक मोकळ्या जमिनीवर पायी व सायकलीने जाण्याचा हक्कच सर्वांना दिला. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्यापासून घोडेवाटांवर सायकलला मुभा आहे, फक्त चालणाऱ्यांना व घोड्यांना आधी वाट द्यावी लागते. अमेरिकेत १९९६ पासून सरकारी वनांत प्रयोग म्हणून शुल्क सुरू झाले, तेव्हा लोकांनी जोराचा विरोध केला. शेवटी २००४ च्या कायद्याने दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. जमलेल्या शुल्कापैकी निदान ८० टक्के रक्कम सर्वसाधारणपणे त्याच जागी खर्च व्हावी. आणि कोणतीही सोय न वापरता वनातून नुसते चालत वा घोड्यावरून निघून जाणाऱ्याकडून वनखात्याने शुल्क घेऊ नये. मला यातील तत्त्व मोलाचे वाटते. शुल्क सोयीचे असावे, जमिनीवर पाय ठेवल्याचे असू नये.

असे तत्त्व आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. साताऱ्याजवळील कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले आणि फुलांच्या हंगामात तेथे झुंबड उडू लागली. तेथील शुल्क आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांमार्फत गोळा होते. गावातील तरुणच राखणदार व वाटाडे म्हणून काम करतात आणि रोजची संख्याही ठरवून दिलेली असते. व्याघ्र प्रकल्पांतही २००६ च्या कायदादुरुस्तीने व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठाने निघाली, ती याच हेतूने की दारावरचा पैसा त्याच वनाच्या व तेथील लोकांच्या उपयोगी यावा. याच्या उलट उदाहरण बंगळूरच्या तुरहळ्ळी वनाचे आहे. सायकलस्वारांच्या व फिरणाऱ्यांच्या आवडीच्या त्या रानाचे बांधीव 'वृक्षोद्यान' करण्याचे २०२१ साली ठरले, तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले आणि तो बेत सोडून द्यावा लागला. रान मोकळेच राहावे, ही त्यांची मागणी होती.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. शंभर रुपये सर्वांना सारखे नसतात. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. म्हणजे शंभराचे तिकीट हे मजुराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या दिवसाएवढे झाले. वेरूळच्या लेण्यांचे भारतीयांसाठीचे तिकीट २०१८ साली ४० रुपये झाले. रक्कम लहान दिसते. पण ती एस.टी.च्या भाड्यावर आणि बुडालेल्या रोजावर आणखी चढते. गेल्या वर्षी आमच्या वर्गाची वेरूळची सहल गेली, तेव्हा माझे दोन मित्र आलेच नाहीत. एकाने तब्येतीचे कारण सांगितले, दुसऱ्याने शेतातील कामाचे. खरे कारण त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. पुरातत्त्व खाते पंधरा वर्षांखालील मुलांना विनाशुल्क आत सोडते, ही गोष्ट चांगली आहे. परंतु पंधरा वर्षे पूर्ण झाली म्हणून विद्यार्थ्याच्या हाती पैसा येत नाही. शुल्काने गर्दी आवरते हे खरे. मात्र त्या गर्दीतून आधी कोण गळतो, हेही पाहिले पाहिजे. वाट अधिक झिजविणारा गळत नाही, कमी पैसे असणारा गळतो.

म्हणून अशा प्रत्येक तिकिटाला चार प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. पैसा कोणत्या कामाचा आहे? तो त्याच जागी खर्च होतो काय, आणि त्याचा हिशेब दाराजवळच्या फलकावर लावला आहे काय? विद्यार्थी, मजूर आणि त्याच परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक यांना सवलत आहे काय? आणि ज्याच्याकडे पैसा नाही, त्याला श्रम देण्याची वाट खुली आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळच आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण बांध घालतो, चर खणतो, रस्ता नीट करतो. वर्षातून दोन दिवस वाट दुरुस्त करणाऱ्याला वर्षभराचा पास द्यावा, यात अशक्य असे काय आहे? घामाने भरलेले शुल्कही शुल्कच आहे.

आपल्या भागात अजून कोणी अशी दारे उभी केलेली नाहीत. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीकडे श्रीमंत-गरीब सारखेच जातात. जायकवाडीच्या डाव्या कालव्याकाठचा रस्ता शाळेच्या मुली सायकलीवरून रोज तुडवितात. परंतु उद्या आपल्याही एखाद्या टेकडीला कुंपण पडेल, सुंदर कमान उभी राहील, आणि कमानीशी तिकीटघर येईल. त्या दिवशी कमानीचे कौतुक जरूर करावे. त्याचबरोबर तिकीटघराच्या खिडकीशी उभे राहून हे चार प्रश्नही विचारावेत. आपल्या आधीच्या पिढीला ते विचारण्याइतके शिक्षण मिळाले नाही. आपल्याला मिळाले आहे, तेव्हा ते काम आता आपले आहे.