दुचाकीवरून तीनचाकीवर : धंद्याचे चाक वाढविताना

मालेगावचा मोमीन कारागीर सुताच्या गोण्या मोटारसायकलच्या मागे बांधून कारखान्यात नेतो. बागवान बंधू पहाटे मार्केट यार्डातून फळांची क्रेट एकावर एक रचून आणतात. मणियार बांगड्यांच्या पेट्या घेऊन आठवडी बाजार गाठतो, तर बेकरीवाल्याची फेरी फजरच्या नमाजानंतर लगेच सुरू होते. आपल्या समाजातील लहान व्यापाऱ्याला दुचाकीने पायावर उभे केले, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु धंद्यात बरकत आली की माल जास्त आणि गाडी अपुरी, असा दिवस येतोच. मग मनात विचार येतो, आता तिसरे चाक घ्यावे काय?

घ्यावे, असेच आमचे मत आहे. मात्र कोणते तिसरे चाक घ्यावे, यावर सारे अवलंबून आहे. कारण रस्ते दोन आहेत. एक म्हणजे आहे त्याच मोटारसायकलचे मागचे चाक काढून वेल्डिंगवाल्याकडून ट्रॉली बसवून घेणे. दुसरा म्हणजे कंपनीने बनविलेली मालवाहू रिक्षा घेणे.

पहिला रस्ता जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दिल्लीत लष्कराच्या जुन्या हार्ले डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे सांगाडा जोडून प्रवासी गाड्या तयार झाल्या. चांदणी चौक भागातून कॅनॉट प्लेसकडे धावणाऱ्या या ‘फटफट्या’ १९९८ मध्ये प्रदूषणामुळे बंद झाल्या. सौराष्ट्रातील ‘छकडा’ही त्याच जातीचा. पुढून बुलेट, मागून गाडा आणि मध्ये डिझेल इंजिन. खुद्द मालवाहू रिक्षाचा जन्मही असाच झाला. इटलीच्या पियाजिओ कंपनीने १९४८ मध्ये व्हेस्पा स्कूटरच्याच मागे दोन चाके व हौदा लावून ‘आपे’ बाजारात आणली. आपण मराठीत कोणत्याही मालगाडीला ‘टेम्पो’ म्हणतो, तो शब्दही एका जर्मन कंपनीच्या नावावरून आला. तिची हॅन्सियाट ही तीनचाकी बजाज टेम्पोने १९५८ मध्ये मुंबईत गोरेगावला बनवायला घेतली होती.

तेव्हा जे चालले ते आज चालेलच असे नाही. कारागिराच्या हातावर आमचा विश्वास आहे, पण कायद्याचा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकल म्हणजे दोन चाकांचे वाहन, अशी व्याख्या आहे. सुटी करता येणारी साईडकार जोडली तर ती मोटारसायकलच राहते; मागे कायमचा गाडा जोडला तर राहत नाही. कंपनीने जशी गाडी बनविली त्यात मूलभूत बदल करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. पंजाबात एप्रिल २०२२ मध्ये अशा ‘जुगाड’ गाड्यांविरुद्ध पोलिसांचा आदेश निघाला आणि गरिबांच्या रोजीचा प्रश्न उभा राहताच काही दिवसांत तो मागे घेतला गेला. म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. पोलीस सोडून देतील. पण अपघातात कोणी जखमी झाले, तर विमा कंपनीला हात वर करण्यास आयते कारण मिळते आणि भरपाईचा बोजा मालकाच्या घरावर, दुकानावर येतो.

यात एक महत्त्वाचा अपवाद आहे. पोलिओमुळे किंवा अपघातात पाय गेलेल्या भावाला आपल्या स्कूटरला बाजूची चाके लावून घेण्यास कायद्यात वाट ठेवलेली आहे. त्यासाठी आरटीओची परवानगी घेऊन आरसी बुकात तशी नोंद करून घ्यावी लागते. आपल्या मोहल्ल्यांत असे किती तरी शिवणकाम करणारे, घड्याळ व मोबाईल दुरुस्त करणारे कारागीर आहेत. त्यांतील अनेकजण नोंदीविनाच गाडी चालवितात. एका फेरीत होणारे काम त्यांनी टाळू नये.

आता चालविण्याविषयी. वीस वर्षे मोटारसायकल चालविली, मग रिक्षात काय शिकायचे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मते धोका त्यांनाच जास्त. दुचाकीवर वळताना आपण गाडीसह आत झुकतो व तोल साधतो. तीनचाकी झुकत नाही. ती वळणात बाहेरच्या बाजूला कलते आणि वेग जास्त असेल तर आतले चाक उचलले जाते. पुढे एकच चाक असल्यामुळे पुढचा भाग अरुंद, मागचा रुंद. वळणातच ब्रेक दाबला की सारा भार त्या अरुंद टोकाकडे धावतो आणि गाडी कोपऱ्यावरून उलटते. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. माल भरतानाही हेच ध्यानात ठेवावे. जड माल खाली, शक्यतो मागच्या आसाच्या जवळ, आणि हलका माल वर. गादी-कापूसवाल्या मन्सुरी बंधूंचा माल हलका, पण उंच. त्याला वारा धरतो. भंगारवाल्याचा माल जड. तो एका बाजूला सरकला तर घात होतो. खड्ड्याचेही तसेच आहे. दुचाकी खड्डा चुकवून निघते. येथे मागची चाके दोन्ही बाजूंनी वाचविली तर पुढचे चाक मधल्या खड्ड्यात जाते. जुगाड गाड्यांत बहुधा डिफरन्शियल नसते. त्यामुळे मागची दोन्ही चाके सारख्याच वेगाने फिरतात, टायर घासतात आणि गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊ पाहते. सिग्नलला पाय खाली टेकण्याची सवय मात्र अगदी सोडावी. उघड्या तीनचाकीत पाय मागच्या चाकाखाली जातो.

लायसन्सची गोष्ट थोडक्यात. मोटारसायकलचे लायसन्स तीनचाकीला चालत नाही. हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. फिटनेस लागते, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. विमा व्यावसायिक वाहनाचाच घ्यावा.

हिशेब प्रत्येकाने आपला मांडावा. मालवाहू रिक्षा सुमारे अर्धा टन माल नेते. समजा, आज तुमच्या सकाळच्या चार फेऱ्या होतात. त्या एका फेरीत आल्या तर पेट्रोल वाचेल, पण त्याहून मोठी बचत वेळेची. दुकान तीन तास आधी उघडेल. उलट दिवसातून एकच फेरी असेल व गल्ली अरुंद असेल, तर दारात उभी राहणारी रिक्षा विमा आणि टायर खात राहील. अशांनी भाड्याची रिक्षा सांगावी. रोजचा पल्ला ठराविक आणि रात्री चार्जिंगची सोय असेल तर बॅटरीची गाडीही पाहावी. तिला परमिट नाही आणि इंजिन ऑइलचा खर्चही नाही. मात्र काही वर्षांनी बॅटरी बदलण्याची रक्कम आजच वेगळी काढायला लागावे.

पैसा उभा करण्याचा प्रश्न आपल्या वाचकांना वेगळाच अडतो. डीलरच्या दुकानात फायनान्सवाला खुर्ची टाकूनच बसलेला असतो. अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद महामंडळ आहे, पण सवलतीचे झाले तरी व्याज ते व्याजच, असे मानणारे बांधव आहेत. त्यांनी चिठ्ठी काढून चालणारी भिशी धरावी, लिलावाची नव्हे. किंवा एखाद्या नातेवाइकाने गाडी स्वतः घेऊन, नफा उघड सांगून, ठरलेल्या किमतीत हप्त्याने विकावी. किंमत एकदा ठरली की हप्ता चुकला म्हणून वाढता कामा नये. व्यवहार लिहून, दोन साक्षीदार ठेवून करावा आणि शंका असेल तर आधी आलिमांना विचारावे.

जुनी गाडी घेणार असाल तर चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहा आणि जुन्या फायनान्सचा बोजा उतरला आहे की नाही ते बघा. एकाच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. तोंडी सौद्यावर चावी घेऊन गाडी रस्त्यावर आणू नये.