एकवीरेची रांग, वलूरकाचं दार

चैत्रातला रविवार. तुंगार्ली धरणाच्या दगडी भिंतीवर सकाळचं ऊन आहे, पण त्याला आत्ताच धग आहे. पाणी खूप खाली गेलंय. काठचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्यात आणि त्या तुडवत दोन म्हशी सावकाश पाण्याकडे निघाल्यात. वरच्या वाटेनं सॅक लावलेली पोरं राजमाचीकडे चाललीत. उशीर झालाय त्यांना. ऊन चढायच्या आत निम्मी वाट सरायला हवी.

भिंतीवरून खाली लोणावळा पसरलेलं दिसतं. अलीकडे तुंगार्लीचे बंगले, त्यांचे निळे तलाव, फाटकांवर 'बंगला भाड्याने मिळेल'च्या पाट्या. सुट्टीला आलेली मुंबई अजून झोपेत आहे. आग्नेयेकडे, धुरकट हवेत, लोहगड आणि विसापूरचे माथे आहेत. हा सगळा मावळ. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही नावं अजून बोलण्यात आहेत. पण त्याहून जुना पुरावा आज जिथे जायचंय त्या डोंगरात कोरलेला आहे. तिथल्या सातवाहनकालीन लेखात या मुलखाला 'मामाल आहार' म्हटलंय. आहार म्हणजे जिल्हा. सुमारे १९०० वर्षं हा प्रांत आपल्या नावासकट तिथे भिंतीवर आहे.

खाली नाक्यावर रिक्षा मिळते. हायवेला लागताच गर्दी सुरू होते. मुंबईकडून आलेल्या टेम्पोंवर भगवे झेंडे आहेत, काचांवर मोठ्या अक्षरांत 'आई माऊली'. एका टेम्पोत बेंजो वाजतोय आणि मागे उभी असलेली पोरं चालत्या गाडीत नाचतायत. कार्ला फाट्यावर सगळं तुंबतं. दहा मिनिटं कुणीच हलत नाही. एक ठाकर बाई गाड्यांच्या मधून करवंदांचे द्रोण घेऊन फिरते. करवंदं अजून पुरती काळी झालेली नाहीत, पण घेणारे घेतात आणि तोंड वाकडं करत खातात.

पायथ्याशी दुकानांची ओळ. नारळ, हार, हिरवे खण, बांगड्या, हळद-कुंकवाचे ढीग, पेढे. ताडपत्रीखाली हवा कोंडलीय. "ताई, चपला हितं ठेवा, वटी घ्या, पैसं येताना द्या," दुकानदारीण सांगते. तिच्या मागे जाळीच्या खुराड्यात कोंबडे आहेत. कुणाचा नवस असेल तसा कोंबडा घेतला जातो, पाय बांधून काखेत मारला जातो आणि घरच्या माणसासारखा पायऱ्या चढू लागतो.

पायऱ्या दगडी आहेत. पाय भाजतात. चपला खाली ठेवलेले लोक सावलीच्या कडेकडेनं चढतात आणि सावली संपली की पळतात. कोळणी नऊवारीत आहेत, अंगावर सोनं, केसांत अबोली. एक आजी दर आठ-दहा पायऱ्यांनी बसते. नातू पाण्याची बाटली पुढे करतो. ती घोटभर पिते, पदरानं तोंड पुसते आणि ओरडते, "एकवीरा माऊली की जय!" पुढचे पन्नासजण जय म्हणतात, मागचे पन्नासजण म्हणतात आणि आवाज वळणावरून वर जातो. रायगड, ठाणे, पालघरच्या किनाऱ्यावरची गावंच्या गावं आज या डोंगरावर आहेत. आगरी-कोळ्यांची ही आई, अनेक सीकेपी घराण्यांचीही कुलस्वामिनी. यात्रा अजून व्हायचीय, तेव्हा पालखी निघेल. आज नुसता रविवार आहे.

चढताना पायऱ्यांच्या कडेला संगमरवरी फरशा दिसतात. अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्या कुटुंबाकडून. काही अक्षरं पायांनी झिजलीत. ही नावं मी वाचत वाचत चढतो. वर गेल्यावर त्यांचा उपयोग आहे.

माथ्यावर दोन रांगा. एक तिकीट खिडकीची, आखूड. भारतीय माणसाला २५ रुपये. दुसरी देवीची, लोखंडी कठड्यांतून फिरत फिरत आलेली. आणि दोन्ही जाऊन पोचतात एकाच अंगणात. समोर उभा कडा, कड्यात लेणं, लेण्याच्या दाराशी उजव्या हाताला आईचं देऊळ. डाव्या हाताला सोळा पैलूंचा उंच दगडी खांब, वर पाठीला पाठ लावलेले चार सिंह. महारथी अग्निमित्रणकानं तो दिल्याचं त्यावरच लिहिलंय. देवीच्या रांगेतली माणसं या खांबाच्या सावलीसाठी सरकतात. खांब जाडजूड आहे, सावली मात्र दोन माणसांपुरती.

रांग हलत नाही. ढोल वाजतो. उदाचा धूर, नारळाचं पाणी, घाम. एका तान्ह्याला उन्हाचं रडू फुटतं आणि चार अनोळखी बाया पदरानं वारा घालायला लागतात. कोंबडा गप्प आहे.

मी लेण्याकडे वळतो. ओसरीत पाऊल टाकलं की पायाखालचा दगड गार लागतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींतून तीन-तीन हत्ती अर्धे बाहेर आलेत, भिंतीतला मजला पाठीवर पेलत. दारांच्या मधे स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्यात; भरदार, हसऱ्या, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेल्या. पाचव्या-सहाव्या शतकात कुणी तरी या भिंतीत मधेमधे बुद्धमूर्ती कोरल्या. एका भिंतीवर दोन काळ शेजारी उभे आहेत आणि दोघांच्या मधे आत्ता एक मुलगी सेल्फी घेतेय. घेऊ दे. तिनं फोन खाली केल्यावर मान वर केली, पिंपळपानी खिडकीकडे पाहिलं आणि आईला हाक मारली. मला तेवढं पुरेसं आहे.

आत अंधार आहे. लेण्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी आत उजेड कमी. दारातच थांबायचं, डोळे सरावू द्यायचे. मग आधी खांब येतात. मग खांबांवरचे गुडघे टेकलेले हत्ती, त्यांवर बसलेली जोडपी. प्रदक्षिणेच्या वाटेकडे तोंड करून मागे घोडे. मग सगळ्यांत शेवटी, खूप आत, स्तूप. त्याच्यावर लाकडी छत्र. आणि वर पाहिलं की छताला लाकडाच्या कमानी. हे लाकूड कोरलेलं नाही, बसवलेलं आहे, आणि ते मूळचं आहे. सुमारे दोन हजार पावसाळे या डोंगरावर कोसळलेत. वाटेतल्या त्या बंगल्यांना दर जूनच्या आधी गळती काढावी लागते.

गाइड एका कुटुंबाला सांगतोय, देशातला हा सगळ्यांत मोठा कोरीव चैत्य. लांबी ३८ मीटरच्या आसपास, उंची १४. दोन्ही हातांना पंधरा-पंधरा नक्षीदार खांब, स्तूपामागे सात साधे, मिळून ३७. कुटुंब मान डोलावतं. धाकटा मुलगा खांब मोजायला पळतो.

आकड्यांत मला रस आहे, पण माझा जीव त्या नावांत अडकलाय. खांबांवर, दारांशी ब्राह्मी अक्षरं आहेत. गार्डनं परवानगी दिली तर मोबाइलचा उजेड तिरपा धरावा, म्हणजे खाचा उठून दिसतात. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा शेठ म्हणतो की जंबुद्वीपातलं हे सर्वोत्तम शैलगृह त्यानं पुरं केलं. काय अभिमान आहे त्या ओळीत! पण सगळं एकट्या शेठचं नाही. दार दिलं धेनुकाकटाच्या सिंहदत्तानं, आणि हा अत्तरं-सुगंधी विकणारा माणूस. दाराचं काम केलं सामी नावाच्या सुतारानं, त्याच्या बापाचंही नाव आहे, वेणुवास. सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकानं, म्हणजे धर्मग्रंथ पाठ म्हणणाऱ्या भिक्खूनं, खांब दिला. आणि काही खांब यवनांनी, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या परदेशी लोकांनी दिलेत. सिंहध्वज, धर्म अशी नावं घेतलेले यवन.

यवन इथे कसे, याचं उत्तर मघाशी तुंबलेल्या त्या रस्त्यातच आहे. बोरघाट. कल्याण, सोपारा, चौल ही बंदरं खाली, पैठण आणि तेर वर. रोमच्या साम्राज्यातून येणारी जहाजं पहिल्या शतकात या किनाऱ्याला लागत होती. त्या काळच्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या पुस्तकात कल्याण आणि चौल दोन्हींची नोंद आहे. इटलीतली दारू भरलेले रांजण तिकडून येत, मिरी आणि कापड इकडून जात. बैलांवर माल लादून घाट चढला की पहिला मोठा विसावा या डोंगररांगेत. तेव्हा याचं नाव वलूरक. राजेही भांडत होते. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात यानं भिक्खूंसाठी करजिक गाव दिलं. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्रानं नहपानाला हरवलं, आणि तेच गाव पुन्हा भिक्खूंना लावून दिलं. राज्य बदललं, भिक्खूंचं जेवण थांबलं नाही. हा हुकूम इथल्या भिंतीवर आहे, मामालच्या अमात्याच्या नावे.

खालच्या फरशांवरची नावं आणि वरच्या खांबांवरची नावं एकाच रीतीची आहेत. या डोंगराला ज्यांनी ज्यांनी काही दिलं, त्यांनी नाव लावलं, गाव लावलं, बापाचं नाव लावलं. पण एका खांबावर किल्लीनं खरवडलेलं बदामही आहे, मधे दोन अद्याक्षरं. हे मात्र देणं नव्हे. असलं ओरखडणं पाहिलं की माझ्या अंगाची आग होते. गार्ड शिट्टी मारतो. "ओ दादा, हात लावू नका!" दिवसभर तो हेच म्हणत असणार. आवाज बसलाय त्याचा.

बाहेर येतो तर ती मघाची आजी आता देवळाच्या दारात पोचलीय. नातवाला उचलून दर्शन घडवते. तिथून निघालेले बरेचजण थेट पायऱ्यांकडे वळतात, लेण्यात डोकावतही नाहीत. फार वाईट वाटतं. दहा पावलांवर सोपाऱ्याच्या माणसाचा खांब आहे आणि सोपाऱ्याशेजारच्या वसई-विरारची माणसं त्याच्या समोरून परत जातायत. त्यांना हे कुणी मराठीत, मोठ्या अक्षरांत, रांगेच्या कठड्यालाच लावून सांगायला हवं.

दुपारी मळवली. रेल्वे फाटकापलीकडे द्रुतगती मार्गावरून गाड्या अखंड वाहतायत. लोहगडाकडे जाणाऱ्या जिपा भरून निघतात. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात जागा मिळाली, त्यात लोहगड आहे. जीपवाला भाडं सांगता सांगता हेही सांगतो. मी भाजे गावातून पायऱ्या धरतो. इथे ढोल नाही. पावसाळ्यात जिथे धबधब्याखाली पाय ठेवायला जागा नसते, तिथे आत्ता नुसता काळा, कोरडा दगड.

भाजे कार्ल्याहून जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. चैत्याला पुढची भिंतच नाही. ती लाकडाची होती, गेली. कातळात तुळया बसवायच्या चौकोनी खाचा तेवढ्या उरल्यात. त्यांतल्या एकीत बोट घातलं तर आत ऊन लागतं. सत्तावीस खांब आतल्या अंगाला किंचित कललेत, कारण लाकडी घराचे खांब तसे कलते उभे करत. दगडात काम करणाऱ्यांनी सुतारांचं शहाणपण सोडलं नाही. पश्चिमेचं ऊन आता सरळ आत आलंय, स्तूपाच्या अंगावर. पलीकडे चौदा लहान स्तूप एका ठिकाणी. अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी गेलेल्या थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं त्यांतल्या काहींवर आहेत.

टोकाच्या विहारात पोरांची गर्दी. ओसरीत दाराच्या एका बाजूला चार घोड्यांचा रथ, बहुतेक अभ्यासक त्याला सूर्य म्हणतात. सोबत दोघी, एक छत्र धरते, दुसरी चवरी ढाळते. दुसऱ्या बाजूला प्रचंड हत्ती, त्यावर इंद्र. हत्तीनं सोंडेत झाड उपटून धरलंय. सगळे सूर्यासमोर फोटो काढतात. एक मुलगी मात्र खाली वाकून हत्तीच्या पायथ्याशी शोधतेय. "तबला कुठाय?" शिक्षिका बोट दाखवते. वितीएवढी बाई, तिच्यापुढे वाद्यांची जोडी, शेजारी नाचणारी दुसरी. मुलगी स्वतःच्या मांडीवर ठेका धरते. "मॅडम, ही डावा पण वाजवतेय!"

पावणेसहा. गार्ड घाई करायला लागलाय. कॉलेजची चार मुलं विचारतायत, विसापूरची वाट इकडूनच ना? "इकडूनच," गार्ड म्हणतो, "पण आत्ता नाही. पाणी किती हाय? एक बाटली? उद्या सकाळी सहाला सुरू करा, गावातनं कुणाला तरी संगं घ्या. आत्ता खाली जा, लोकल गाठा, आणि जमलं तर समोरचं कार्ल्याचं लेणं बघा उद्या. दुपारनंतर जा. तवा आत उजेड असतो."