टाचदुखी : कारणे, उपचार आणि खर्चाचा ताळेबंद

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांसोबत आरोग्यविषयक एक लेख असावा, असा आपल्या ट्रस्टचा प्रघात आहे. यंदा टाचदुखी हा विषय घेतला आहे. हृदयविकार, मधुमेह किंवा कर्करोग यांच्यापुढे हा विषय किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे. टाचदुखीने कुणाचा जीव जात नाही, हेही खरे. परंतु दिवसभर उभे राहून ज्यांना पोट भरावे लागते, त्यांचा रोजगार मात्र तिच्यामुळे जाऊ शकतो. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने वैद्यकीय भाग अस्थिरोग व भौतिकोपचार विभागांतील तज्ज्ञांशी चर्चा करून लिहिला आहे.

पहिले पाऊलच का दुखते?

टाचेचे हाड हे पावलातील सर्वांत मोठे हाड होय. त्याच्या तळाशी एक जाड, चिवट पट्टा जोडलेला असतो. तो तळपायातून पसरत बोटांच्या मुळापर्यंत जातो आणि धनुष्याच्या दोरीप्रमाणे पावलाची कमान ताणून धरतो. आपण पाऊल टाकतो तेव्हा प्रत्येक वेळी शरीराचा भार त्यावर येतो. भार वारंवार सहनशक्तीपलीकडे गेला की टाचेजवळील टोकाशी सूक्ष्म इजा होतात आणि तेथील तंतूंची झीज होऊ लागते. या विकाराला ‘प्लांटार फॅसायटिस’ म्हणतात. नावावरून ही सूज वाटली, तरी जुनाट दुखण्यात सुजेपेक्षा झीजच अधिक असते, असे आता मानले जाते.

रात्री झोपेत पाऊल सैल पडते आणि पट्टा आखडतो. सकाळी उठून पाऊल टाकताच तो एकदम ताणला जातो आणि टाचेत खिळा टोचावा तशी कळ येते. थोडे चालल्यावर दुखणे कमी होते आणि संध्याकाळी पुन्हा डोके वर काढते. एवढ्या हकिकतीवरून व टाच दाबून पाहिल्यावरून बहुतेक वेळा निदान होते.

हा विकार कोणाला होतो?

दर दहा माणसांपैकी सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा त्रास होतो. चाळिशी ते साठी या वयात तो अधिक आढळतो. वाढलेले वजन, आखडलेली पोटरी, सपाट पाऊल किंवा फार उंच कमान आणि दीर्घकाळ उभे राहण्याचे काम ही प्रमुख कारणे होत. शिक्षक, वाहतूक पोलीस, परिचारिका, दुकानातील विक्रेते आणि घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या भगिनी यांची यात गणना होते. आपल्या घरांत शहाबादी, ग्रॅनाइट किंवा सिरॅमिक फरशीवर अनवाणी वावरण्याची रीत आहे. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गृहिणीच्या टाचेला ही कठीण फरशी कसलीच उसंत देत नाही. झिजलेल्या, पातळ तळाच्या चपलाही तितक्याच दोषी असतात.

‘हाड वाढले आहे’ हा समज

टाच दुखली की ‘हाड वाढले असेल’ असे आपण सहज म्हणतो. एक्स-रेमध्ये टाचेखाली काट्यासारखे टोक दिसले, की रुग्णाची खात्रीच पटते. वस्तुतः ज्यांची टाच कधीही दुखलेली नाही, अशा अनेकांच्या एक्स-रेतही हा काटा दिसतो. उलट, दुखणे पूर्ण थांबल्यावरही तो जागच्या जागी असतो. म्हणूनच केवळ काटा काढण्यासाठी शस्त्रक्रियेची घाई करू नये. दागिने गहाण ठेवून अशा शस्त्रक्रियेचा खर्च उभा करण्याच्या बेतात असलेल्या कुटुंबाला ही एक माहिती वेळेवर मिळाली, तरी या लेखाचे सार्थक होईल.

मुख्य उपचार

व्यायाम, योग्य पादत्राणे आणि संयम ही उपचारांची त्रिसूत्री होय. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, बोटे हाताने नडगीच्या दिशेने ओढावीत, दहापर्यंत आकडे मोजून सोडावीत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवावा, गुडघा सरळ व टाच जमिनीला टेकलेली ठेवून पुढे झुकावे आणि अर्धा मिनिट थांबावे.

डेन्मार्कमधील संशोधकांनी 2014 साली आणखी एक व्यायाम पुढे आणला. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश उचलावी व सावकाश खाली न्यावी. हा व्यायाम एक दिवसाआड करणाऱ्यांना तीन महिन्यांनी केवळ ताण देणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच होते. हा व्यायाम भौतिकोपचार तज्ज्ञाकडून शिकून घ्यावा.

घरात स्वयंपाकघरासाठी मऊ तळाच्या चपलांची स्वतंत्र, स्वच्छ जोडी ठेवावी. टाचेखाली सिलिकॉनची गादी उपयोगी पडते. गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीवर तळपाय दहा मिनिटे फिरवल्याने बरे वाटते. तापवलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून शेकण्याचा घरगुती उपाय अनेक जण करतात. परंतु मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी विटेचा शेक आणि बर्फ दोन्ही टाळावेत. भाजल्याचे त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते. वेदनाशामक गोळ्याही मूत्रपिंडाचा किंवा जठरव्रणाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

अशा साध्या उपचारांनी साधारणतः दहापैकी आठ ते नऊ रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रियेवाचून आराम पडतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम लवकर मिळतो, पण तो बहुधा काही आठवड्यांपुरता असतो. वारंवार इंजेक्शने घेतल्यास पट्टा तुटण्याचा व टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो; मधुमेही रुग्णांची साखरही काही दिवस वाढते. जुनाट दुखण्यात ध्वनिलहरींचे आघात देणाऱ्या यंत्राचा काहींना उपयोग होतो. सहा महिने ते वर्षभर सर्व उपाय नेटाने करूनही गुण न आल्यासच शस्त्रक्रियेचा विचार करावा.

प्रत्येक टाचदुखी एकच नसते

टाचेच्या मागच्या बाजूस दुखत असेल, तर पोटरीची कंडरा दुखावलेली असू शकते. आठ ते चौदा वर्षांच्या खेळकर मुलांत टाचेच्या वाढत्या हाडावर ताण येऊन दुखते. वाढ पूर्ण झाली की ते थांबते. तरुण व्यक्तीच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही बराच वेळ आखडत असेल, तर संधिवाताची तपासणी करावी. मार लागल्यानंतर पाय टेकवत नसेल, रात्री विश्रांतीतही दुखत असेल, ताप, लाली, सूज किंवा मुंग्या असतील, अथवा मधुमेही व्यक्तीच्या पायाला जखम असेल, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

देणगीदारांच्या सेवेशी

इंजेक्शन किंवा एक्स-रेवाचून परत पाठवले, तर ‘काहीच उपचार केले नाहीत’ असे रुग्णाला वाटते. व्यायाम समजावून सांगायला वीस मिनिटे लागतात, इंजेक्शनला दोन. त्या वीस मिनिटांची पावती फाडता येत नाही आणि त्यांच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटीही लावता येत नाही. यंत्रसामग्रीसाठी मिळणाऱ्या देणग्यांचे मोल मोठेच आहे. तथापि हिशेब ठेवणारा या नात्याने एवढेच नम्रपणे नमूद करावेसे वाटते, की भौतिकोपचार तज्ज्ञाच्या वेतनासाठी दिलेली रक्कम ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूस कधीच दिसणार नाही. ती दिसेल रुग्णाच्या घरच्या जमाखर्चात : न बुडालेल्या रोजंदारीत, न काढलेल्या कर्जात. रुग्णांच्या आप्तांना विनंती, की व्यायामात खंड पडू देऊ नये आणि दुसऱ्या आठवड्यात धीर सोडू नये. या दुखण्याला वेळ लागतो. तो आपण सर्वांनी मिळून द्यावा.